आमच्या चरबीच्या लॅबमध्ये

कुठल्याही लॅबमध्ये रिझल्ट जमायला वर्षं लागतात. किस्से मात्र कोणी न बोलावता जमतात. आमच्या डीप फ्रीझरसारखं असतं ते. एक डबा काढायला हात घालावा, तर मागचे चार भलतेच डबे अंगावर येतात. परवा हैदराबादच्या कोठी बाजारात मैत्रिणींबरोबर चहा पिताना एक सांगायला गेले आणि दुसरा, तिसरा करत सगळेच बाहेर आले. मैत्रिणी हसत होत्या. मी मात्र कपात बघून सांगत होते.

कारण आमचा विषयच तसा आहे. चरबी!

आपल्या अंगात काही पेशी अशा असतात की त्या अजून काहीच झालेल्या नसतात. बारीक, लांबट, निवांत पडलेल्या. त्यांच्यातलं एक जनुक ऑन झालं की ते इतर शेकडो जनुकांना कामाला लावतं. मग ती बारीक पेशी हळूहळू गोल होते, तिच्यात तेलाचे थेंब भरतात आणि ती चरबीची पेशी होते. हे जनुक कोण ऑन करतं, कोण दाबून ठेवतं, कधी बिघडतं, ते आम्ही शोधतो. आम्ही म्हणजे लॅबच्या प्रमुख पद्मजा मॅडम, जुन्या शहरातला इम्रान, विजयवाड्याची श्रावणी आणि मी, अंबरपेठची प्रज्ञा.

आणि मी जाड आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे सगळेजण तेच सांगणार आहेत.

*

सुरुवात मावसबहिणीच्या लग्नापासून करते. अंबरपेठचाच फंक्शन हॉल होता. आमचे आजोबा नांदेडकडून नोकरीसाठी इकडे आले, त्यामुळे लग्न म्हटलं की अर्धी माणसं तिकडची आणि अर्धी इकडची. तिकडच्यांना इकडच्यांची ओळख करून द्यायचं काम आमच्या मामीकडे असतं.

मामीला माझा फार अभिमान. माझा हात धरून ती मला एका पाहुण्यांसमोर घेऊन गेली. पांढरी टोपी, हातात काठी, कुणाचे तरी चुलत सासरे.

"ही आमची प्रज्ञा," मामी म्हणाली. "सायंटिस्ट आहे. चरबीवर पीएचडी केलीय तिने!"

म्हाताऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिलं. चष्मा नीट केला, परत पाहिलं.

"दिसतंय," ते म्हणाले.

जेवायला मी सगळ्यात शेवटच्या पंगतीला बसले.

*

त्या म्हाताऱ्यांवर मी रागावले नाही. ते निदान शिकलेले नव्हते, असं मी मनाला समजावलं. पण पुढच्याच महिन्यात आमच्याकडे एक कमिटी आली. सगळे मोठमोठे प्रोफेसर. आमच्या प्रोजेक्टला पुढे पैसे द्यायचे की नाहीत ते त्यांच्या हातात.

मॅडमनी पोस्टर स्वतः बनवलं होतं. डावीकडे बारीक पेशींचा फोटो, उजवीकडे त्याच पेशी चरबीने भरल्यावरचा फोटो, आणि मध्ये ते जनुक. पोस्टरच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी उभ्या. श्रावणी डावीकडे. ती इतकी बारीक की लॅबकोटमध्ये हँगर ठेवल्यासारखी दिसते. उजवीकडे मी.

कमिटीतले एक गृहस्थ थांबले. पोस्टर बघितलं, श्रावणीला बघितलं, मला बघितलं.

"व्वा!" ते म्हणाले. "बिफोर अँड आफ्टर!"

सगळी कमिटी हसली. आणि मॅडमही हसल्या.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "प्रज्ञा, चल, तुला सोडते." त्यांचं घर एकीकडे, माझं दुसरीकडे. तरी मी बसले. सगळ्या वाटेत त्या फक्त कामाचं बोलत होत्या. ते जनुक कुठल्या प्रोटीनमुळे दबून राहतं, पुढचा प्रयोग कसा लावायचा. अंबरपेठच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "तू त्यांना काही बोलली का नाहीस? तू तर सगळ्यांना उत्तर देतेस."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही हसत होता."

सिग्नल हिरवा झाला. मॅडमनी गाडी काढलीच नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोर बघत बसल्या. मागून अख्खं अंबरपेठ हॉर्न वाजवत होतं!

*

खाण्याचा किस्सा त्यानंतरचा.

कँटीनमध्ये मी फक्त काकडी-टोमॅटो खाते. चरबीच्या लॅबमधली जाड बाई समोशाचा घास घेते तेव्हा आजूबाजूची चार टेबलं गप्प होतात, हा माझा अनुभव आहे. त्यामुळे समोसा मी कागदात गुंडाळून घेते आणि मागच्या जिन्यात जाऊन खाते. त्या जिन्यात कोणी येत नाही. तिथे जुन्या खुर्च्या आणि मोडका एसी ठेवलेला आहे.

एकदा गेले तर तिथे आधीच कोणीतरी बसलेलं. श्रावणी! मांडीवर भला मोठा डबा, त्यात पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, वर दोन उकडलेली अंडी. मला बघून तिने डबा पदराखाली, म्हणजे ओढणीखाली लपवला.

"अक्का, तुम्ही इथे?"

"तू इथे कशाला? तुला काय लपवायचंय? तू तर काडी आहेस!"

तिचे डोळे भरून आले. "कँटीनमध्ये सगळे विचारतात, इतकं खातेस ते जातं कुठे. एकीने विचारलं, पोटात जंत आहेत का. आईला वाटतं, मी बाथरूममध्ये जाऊन ओकते. घरी गेले की दाराबाहेर कान लावून उभी असते."

मी तिच्या शेजारी बसले. समोसा काढला. तिने डबा काढला. दोघी भिंतीकडे तोंड करून खात होतो. तेवढ्यात वरून चपलांचा आवाज आला. आम्ही घास तोंडात धरून गप्प.

पद्मजा मॅडम. कडक कॉटनची साडी, हातात तेलाने पारदर्शक झालेला मिरची भजीचा पुडा.

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही त्यांच्याकडे. मला वाटलं, आता त्या काहीतरी कारण सांगतील किंवा वळून निघून जातील. मॅडमनी साडी सावरली, आमच्या वरच्या पायरीवर बसल्या, पुडा उघडला आणि तेलुगूत विचारलं,

"चट्नी उंदा?"

चटणी श्रावणीकडे होती.

*

इम्रानचं ऐका. इम्रान कामाला पक्का आहे, पण मध्ये काही महिने त्याच्या पेशी चरबीच्या होईनात. पेशी डिशमध्ये आधी दाटीवाटीने वाढू द्यायच्या, एकमेकींना चिकटल्या की त्यांना इन्सुलिन आणि बाकीची औषधं द्यायची, मग ते जनुक ऑन होतं. इम्रान सगळं बरोबर करत होता. तरी पेशी आपल्या बारीकच्या बारीक.

"अक्का, ये कम्बख्तां मोटे नै होरे!" तो रोज यायचा आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणायचा.

एक दिवस त्याने गुपचूप त्याच्या डिश माझ्या इन्क्युबेटरमध्ये, माझ्या डिशशेजारी ठेवल्या. आणि त्या झाल्या की हो! अशा टम्म भरल्या की मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवल्या. त्याच्या इन्क्युबेटरचा गॅस नीट येत नव्हता, एवढंच कारण होतं. मेकॅनिकने येऊन ते दुरुस्तही केलं. पण तोपर्यंत सगळ्या मजल्यावर झालं होतं, पेशी जाड करायच्या असतील तर अक्काच्या कप्प्यात ठेवा!

आधी मीही हसले. इम्रान डिश आणायचा आणि म्हणायचा, "अक्का, जरा हाथ लगाके देव." मी हात लावून द्यायचे.

आमच्या मजल्यावर दुसरी एक लॅब आहे, स्नायूंच्या पेशींवर काम करणारी. त्यांना जागा कमी पडते म्हणून त्यांच्या काही डिश माझ्याच इन्क्युबेटरमध्ये खालच्या कप्प्यात असायच्या. एका सकाळी इन्क्युबेटर उघडला तर खालचा कप्पा रिकामा. त्यांच्यातली एक मुलगी दोन्ही हातांत डिशचा ट्रे घेऊन श्रावणीच्या इन्क्युबेटरकडे चालली होती. मला बघून कानापर्यंत लाल झाली.

"तसं काही नाही मॅम," ती म्हणाली. "जस्ट टू बी सेफ."

*

इम्रानच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हाची गोष्ट. मुलीचे वडील लांबच्या नात्यातलेच. अफझलगंजला त्यांचं मसाल्याचं दुकान. त्यांनी इम्रानच्या अम्मीला विचारलं, लडका काम क्या करता? आता आपला मुलगा, एवढा शिकलेला, चरबी बघत बसतो हे कसं सांगायचं? अम्मींना लाज वाटली. त्या म्हणाल्या, "कैंसर पे काम करता."

झालं! दुसऱ्या आठवड्यात सासरेबुवा पिशवी घेऊन लॅबच्या गेटवर हजर. पिशवीत त्यांच्या धाकट्या भावाचे सगळे रिपोर्ट. घशाचा कॅन्सर. "बेटा, तू ही देख के बोल."

इम्रानचं तोंड बघवत नव्हतं. तो माझ्याकडे धावत आला. "अक्का, मैं क्या बोलूं? सच बोले तो अम्मी की इज्जत जाती, झूट बोले तो एक आदमी की जान!"

मी म्हटलं, काही बोलू नकोस, त्यांना बरोबर डॉक्टरकडे घेऊन जा. त्याने तसंच केलं. ओळखीतून चांगले डॉक्टर शोधले, भावाला नेलं, सासरेबुवांबरोबर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिला. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. पण मनातलं जाईना. जेवण जाईना. शेवटी एकदा बाकड्यावर बसल्या बसल्या त्याने सांगून टाकलं. "अब्बा, मैं कैंसर वाला नै हूं. मैं चरबी वाला हूं."

सासरेबुवांनी मान हलवली. "मालूम था बेटा."

"कैसे मालूम?"

"तुम्हारी अम्मी झूट बोले तो चाय में शक्कर दो बार डालती. बचपन से देखरा मैं. उस दिन की चाय, तौबा तौबा, शरबत थी!"

भाऊ आता बरा आहे. लग्नही झालं. बिर्याणीसमोर मी त्या दिवशी काकडी-टोमॅटोचं नाटक केलं नाही.

*

आता मंडळाचा किस्सा. हा सांगताना मला अजून घाम येतो.

हैदराबादेत आमच्या मराठी माणसांचं एक छोटंसं मंडळ आहे. दर महिन्याला जामबागजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात. त्यांनी मला बोलावलं, तुमच्या संशोधनावर बोला, पण शुद्ध मराठीत. मी हो म्हटलं. घरी आम्ही मराठी बोलतो, पण त्यात निम्मं तेलुगू, पाव दक्खनी, आणि "हौ" आणि "नक्को" तर आईच्या दुधाबरोबर आलेले. वाचायचं म्हटलं तर मी बोट ठेवून वाचते. म्हणून स्लाइड मी इंग्रजीत केल्या आणि भाच्याला सांगितलं, बाबा, एवढं मराठी करून दे. त्याने फोनमध्ये टाकून पाच मिनिटांत करून दिलं.

हॉलमध्ये सगळी पन्नाशीच्या पुढची मंडळी. नऊवारीतल्या दोन आज्या पहिल्या रांगेत. पहिली स्लाइड लागली. मी बोट ठेवून वाचायला लागले.

"लठ्ठ कोठडीचा विकास."

फॅट सेल! सेल म्हणजे कोठडी! पण मला तेव्हा ते कळलंच नाही. मला वाटलं, असेल एखादा शुद्ध शब्द. मी वाचत गेले. "बारीक कोठडी लठ्ठ कशी होते? कोठडीवर नियंत्रण कोणाचे?" पुढे जनुकाच्या एक्स्प्रेशनचं "चेहऱ्यावरील हावभाव" झालं होतं. तेही वाचलं. "जनुकाच्या चेहऱ्यावरील हावभाव बदलले की कोठडीत तेल साठते."

कोणी हसलं नाही. तेच तर वाईट! सगळे अगदी मन लावून ऐकत होते. आपल्या अंबरपेठची मुलगी काहीतरी मोठं बोलतेय, आपल्यालाच कळत नसेल, असे त्यांचे चेहरे. एक आजी तर मध्येमध्ये मान डोलवत होती. तिसऱ्या स्लाइडला माझ्या लक्षात आलं, कानशिलं तापली, पण आता थांबायचं कसं? शेवटपर्यंत वाचलं.

मग अध्यक्ष आभार मानायला उठले. रिटायर्ड बँक मॅनेजर, फार सज्जन माणूस.

"प्रज्ञाताईंनी," ते गहिवरून म्हणाले, "तुरुंगातल्या लठ्ठ कैद्यांसाठी जे काम चालवलं आहे, त्याकडे आजवर कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं!"

टाळ्या थांबेनात. नारळ आणि शाल घेऊन मी घरी आले. भाचा अजून विचारतो, "मौशी, कसं झालं भाषण?"

*

मराठी येत नाही म्हणून मान खाली घातली, आणि येतं म्हणूनही घालावी लागली.

शहरातल्या एका दवाखान्यात हार्मोनचे एक डॉक्टर आहेत. ते काही पेशंटचं रक्त आमच्याकडे जनुक तपासायला पाठवतात. मराठवाड्याकडून पेशंट आला की ते मला फोन करतात, कारण त्यांना तेलुगू आणि इंग्रजीच येतं. अशाच एका दिवशी गेले, तर समोर मायलेकी. देगलूरकडच्या. मुलीला आपण वैष्णवी म्हणू. बारावीतली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पोरीने पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला होता.

तिचं ते जनुक जन्मापासून बिघडलेलं. वयात आल्यावर मुलींच्या हातापायांवर, अंगावर चरबी यायला लागते, ती हिला आलीच नाही. पेशी बारीकच राहिल्या. हातापायाच्या शिरा वर आलेल्या, दंड पैलवानासारखे. आणि एवढ्या लहान वयात साखर, यकृताला सूज. डॉक्टरांनी मला इंग्रजीत समजावून सांगितलं आणि म्हणाले, आईला मराठीत सांगा.

मी आईला म्हटलं, "बाई, तुमच्या मुलीच्या अंगात चरबी नाही."

"न्हाईच!" आई एकदम म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं. "अजिबात चरबी न्हाई हो तिला. लई गरीब हाय माझी पोरगी. मान खाली घालून शाळेत जाती, मान खाली घालून येती. कुणालाबी विचारा!"

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणाल्या? मला सांगता येईना.

मग मी दुसऱ्या शब्दांत सांगायला लागले. घरात धान्य ठेवायला कणगीच नसेल तर आणलेलं धान्य कुठेही पडतं, तसं हिच्या खाण्यातलं तेल-तूप ठेवायला अंगात जागा नाही, ते रक्तात फिरतं आणि यकृतात जाऊन बसतं. आई लक्ष देऊन ऐकत होती. शेतकऱ्याच्या घरची बाई, कणगी तिला लगेच कळली. टेबलावर सकाळी काढलेल्या रक्ताची नळी होती. रक्त खाली बसलं होतं आणि वर पांढरा थर, दुधावर साय धरावी तसा.

"हे पांढरं काय हाय?" तिने विचारलं.

"तेच. रक्तातली चरबी."

ती नळीवर वाकली. मग हळू आवाजात म्हणाली, "बस्टँडवर बाया मला विचारायच्या, सावत्र हाय का गं पोरगी? जेवायला घालत न्हाईस का? म्हणून म्या रोज वाटीभर तूप घालायचे. ती नको नको म्हणायची. नाक दाबून घालायचे." तिने नळीला बोट लावलं. "हे म्या घातलेलं तूप हाय का?"

डॉक्टरांनी परत विचारलं, काय म्हणाल्या?

मी त्यांना सांगितलं. इंग्रजीत. त्यांनी पेन उचललं, खाली ठेवलं आणि खिडकीकडे बघत बसले. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तिची भाषा येत होती, डॉक्टरांचीही येत होती. शेवटी वैष्णवीच म्हणाली,

"न्हाई गं आई. ते साखरेचं हाय."

*

त्याच आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "त्या मुलीला लॅब दाखवायला आण. तिचं रक्त आपल्याकडे येतं, आपण काय करतो ते तिने बघायला हवं." मायलेकी अफझलगंजच्या लॉजवर उतरल्या होत्या. मी त्यांना रिक्षाने घेऊन आले.

आईने दाराबाहेर चपला काढल्या आणि तिथेच उभी राहिली. "काचेचं सामान हाय. मी इथंच बरी."

आत यायचं तर लॅबकोट घालावा लागतो. इम्रानने एक कोट आणून वैष्णवीसमोर धरला. कोट स्वेटरवर जाईना. तिने स्वेटरच्या बाह्या मुठीत घट्ट धरल्या आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोटाची मधली दोन बटणं लागत नाहीत, त्यामुळे मीही सवयीने कोट पुढे ओढून धरला होता. तिची नजर तिथे गेली. मी हात काढून घेतला.

इम्रान कोट टेबलावर ठेवून बेसिनकडे वळला आणि स्वच्छ असलेले हात धुवायला लागला.

तिने स्वेटर काढला. दंडावरच्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. श्रावणी टक लावून बघत होती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार! आणि ती बोललीच, तेलुगूत.

"काय म्हणत्यात त्या?" वैष्णवीने मला विचारलं.

"म्हणते, मी जिमला जाऊन मेले, माझा एवढासुद्धा दंड झाला नाही."

वैष्णवी हसली नाही. पण कोट घालताना तिने बाह्या खाली ओढल्या नाहीत.

मी तिला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. चरबीने भरलेल्या पेशींची एक डिश त्या दिवशी लाल रंगाने रंगवलेली होती. रंग फक्त चरबीलाच लागतो. मी नीट दिसेल असं करून दिलं. तिने दोन्ही डोळे लावले.

आधी ती खुर्चीत पुढे सरकली. मग म्हणाली, "हे लाल लाल, मण्यांवानी?"

"हो."

"हीच का ती? माझ्यात न्हाई ती?"

"हीच."

ती बघतच राहिली. डिश थोडी सरकवू का, म्हणाली. मी सरकवून दिली. तिथेही तसेच लाल थेंब, एकाला एक लागून, गच्च भरलेले. मागे मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या. इम्रानने नळ बंद केला.

"कुणाची हाय ही?" तिने डोळे न काढता विचारलं. "तुमची का?"

"नाही गं," मी म्हटलं. "माणसाची नाही. या उंदराच्या पेशी आहेत."

तिने डोळे काढले. माझ्याकडे पाहिलं, परत एकदा आत पाहिलं. मग दाराकडे मान वळवून मोठ्याने हाक मारली,

"ए आई! उंदराला बी हाय गं!"